नापास कोण?

वरठीत रेल्वे स्थानक आहे, पण फलाटावरच्या पाटीवर वरठी हे नाव नाही. तिथे लिहिलंय भंडारा रोड. नवखा पाहुणा भंडारा आलं असं समजून उतरतो, बाहेर येतो आणि गोंधळून विचारतो, "शहर कुठं आहे हो?" शहर तिथून बरंच लांब. स्थानकाबाहेर पानठेला चालवणाऱ्या एका माणसाची मुलगी हा प्रश्न ऐकतच मोठी झाली. कोण विचारणार, हे तिला त्याने तोंड उघडण्याआधीच कळायचं. असा माणूस दारातून बाहेर पडला की थबकायचा, वर पाटीकडे बघायचा आणि मग मागे वळून बघायचा.

पोरीचं गणित चांगलं होतं आणि हातही चांगला होता. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या दोन्ही परीक्षांत तिला अ श्रेणी मिळाली होती. अकरावी संपत आली तसे घरचे म्हणू लागले, "एक काहीतरी धर. दोन डगरींवर हात ठेवून चालत नाही." काकांचा निकाल तर झालेलाच होता: चित्रांनी पोट भरत नाही.

एप्रिल महिना होता. धानाचा चुकारा जमा झाला का, हे बघायला आजी नातीला घेऊन बँकेत गेली. पासबुक छापायला तिथे नवं यंत्र बसवलं होतं. पासबुक उघडायचं, बारकोडची पट्टी बरोबर बाजूला ठेवायची आणि फटीत सारायचं. आजीने सारलं. यंत्राने ते बाहेर ढकललं. पालटून सारलं, पुन्हा बाहेर. काचेवर काही अक्षरं उमटली आणि ती वाचायच्या आत गेलीही. मागची रांग चुळबुळ करू लागली. शेवटी सुरक्षारक्षक आला, त्याने पासबुक हातातून घेतलं आणि छापून दिलं.

"मले अडानीले कायचं जमते वो बाई," आजी म्हणाली आणि पदर सारखा करत बाहेर पडली. चुकारा जमा झालेला होता, पण घरी येईपर्यंत ती त्याबद्दल एक शब्द बोलली नाही.

त्यानंतर १९ एप्रिल २०२४ ला भंडारा-गोंदिया मतदारसंघात लोकसभेचं मतदान झालं. नातीचं वय भरलं नव्हतं, म्हणून ती शाळेच्या फाटकाशी थांबली. आजी एकटीच आत गेली आणि बोटाला शाई लावून हसतच बाहेर आली.

"कोणाला दिलं ते नको सांगू," नात म्हणाली, "पण दिलं कसं, ते सांग."

"त्यात काय सांगाचं? चिन्ह पाह्यलं, बाजूचं बटन दाबलं. लाल लाइट लागला, पीं वाजलं. काचेत चिठ्ठी दिसली. झालं."

"कुणी शिकवलं?"

"शिकवाले काय लागते त्याले?"

नात तिथेच विचारात पडली. बाई तीच, बोट तेच आणि दोन्हीकडे समोर यंत्रच होतं. मग बँकेत ती अडाणी कशी आणि मतदान केंद्रात शहाणी कशी?

उत्तर शोधायला ती बँकेतल्या बाकावर जाऊन बसली. कोण येतं, काय करतं आणि नेमकं कुठे अडतं, हे वहीत टिपू लागली. पासबुक उलटं घालणारे केवळ म्हातारे नव्हते. एक निवृत्त गुरुजी अडले. पोलाद कारखान्यातले एक इंजिनिअर अडले आणि वर यंत्रालाच शिव्या देऊन गेले. ज्याची पाटी कोरी तो स्वतःला दोष देत होता आणि जो शिकलेला तो यंत्राला. चूक मात्र सगळ्यांची एकच होती, आणि ती एकाच ठिकाणी होत होती: पट्टी वर ठेवायची की खाली, हे फटीकडे बघून कळतच नव्हतं.

व्यवस्थापकांची परवानगी घेऊन तिने सुवाच्य अक्षरात सूचना लिहिल्या आणि यंत्राच्या वर भिंतीवर चिकटवल्या. कुणीही वाचल्या नाहीत, कारण माणसाचं लक्ष हातातल्या पासबुकावर असतं, भिंतीवर नसतं. मग तिने चित्र काढलं: उघडलेलं पासबुक, त्यावरची पट्टी आणि ते धरणारा हात. हे तिने फटीच्या शेजारी लावलं आणि आजीला बोलावलं. आजीने चित्र निरखलं, आणि चित्रातल्या हातावर आपला हात ठेवून ती वाट बघत उभी राहिली! आधारसाठी बोटांचे ठसे असेच दिले होते ना, मग इथेही तेच असेल.

नातीच्या ओठांवर आलं होतं, "अगं आजी, तसं नाही." पण ती गप्प राहिली. रोज येणाऱ्या प्रत्येकाच्या कानात सांगायला ती थोडीच उभी राहणार होती? तिने घरी जाऊन चित्रातला हात खोडला. पासबुकाचं चित्र खऱ्या पासबुकाच्या मापाचं केलं, पट्टीची जागा लाल रंगवली आणि फटीच्या दिशेने एक ठळक बाण काढला. या वेळी आजीने हातातलं पासबुक चित्राशेजारी धरलं, पालटलं, पट्टीला पट्टी जुळवली आणि आत सारलं. यंत्र कुरकुर करत छापू लागलं. आजी सुरक्षारक्षकाकडे बघून म्हणाली, "बसा जी तुमी, माहं झालं."

ही हकिगत मुलीने चित्रकलेच्या सरांना सांगितली. सरांनी वही मागून घेतली, शेवटपर्यंत वाचली आणि विचारलं, "हे शिकवणारी शाखा आहे, ठाऊक आहे तुला?"

"कसली शाखा, सर?"

"इंटरॅक्शन डिझाइन. माणूस आणि यंत्र यांच्यात जो व्यवहार होतो, त्याची आखणी. तुझी आजी ज्या मतदानयंत्रावर शहाणी ठरली ना, त्याचं रूप आयआयटी मुंबईच्या इंडस्ट्रियल डिझाइन सेंटरमध्ये ठरलं. ए. जी. राव आणि रवी पूवैया या तिथल्या प्राध्यापकांनी ते काम केलं. उमेदवार कमी असले तर उरलेली बटणं झाकलेली असतात, म्हणजे रिकामं बटण दाबलंच जात नाही. एकदा मत दिलं की अधिकाऱ्याने पुन्हा सुरू करेपर्यंत यंत्र दुसरं मत घेत नाही. चिठ्ठी काचेआड सात सेकंद दिसते. आजीला शिकवावं लागलं नाही, कारण जे काही शिकायचं, ते घडवणाऱ्यांनी आधीच शिकून घेतलं होतं."

मग सरांनी आणखी सांगितलं. ते केंद्र १९६९ मध्ये सुरू झालं. ते उभं करणारे सुधाकर नाडकर्णी मुंबईच्या जे. जे.मध्ये शिकून पुढे जर्मनीतल्या उल्मला गेले होते. इंटरॅक्शन डिझाइन हे नाव दिलं ते १९८०च्या दशकात, बिल मॉग्रिज आणि बिल व्हरप्लँक यांनी. मॉग्रिजने १९८२ मध्ये बाजारात आलेल्या ग्रिड कंपास या घडीच्या संगणकाचं बाह्यरूप घडवलं होतं. पण तो संगणक स्वतः वापरायला बसल्यावर काही वेळातच मॉग्रिज बिजागरी, झाकण सगळं विसरला आणि पडद्यावर जे चाललंय त्यातच गुंतला. खरं घडवायला हवं ते तिथे आहे, हे त्याला तेव्हा उमगलं.

"त्याच्यासारख्या जाणकारालाही वापरायला बसावं लागलं," सर म्हणाले. "तू तर बाकावर बसूनच आलीस."

संध्याकाळी सर स्वतः पानठेल्यावर गेले. बाबांनी पान लावता लावता विचारलं, "सर, पण यात पोट भरते का?"

"बँकेला, दवाखान्याला, मोबाइल बनवणाऱ्यांना, सगळ्यांना अशी माणसं लागतात," सर म्हणाले. "बारावीनंतर यूसीड नावाची प्रवेशपरीक्षा आहे. विज्ञान, वाणिज्य, कला, कुठल्याही शाखेचं पोर देऊ शकतं. पदवीनंतर द्यायची असेल तर सीड आहे. दोन्ही आयआयटी मुंबईच घेते. तिथे निरीक्षण लागतं, चित्र लागतं आणि तर्कही लागतो. तुमच्या पोरीला कोणतीच डगर सोडायला नको."

बाबांनी पान सरांच्या हातात दिलं आणि पैसे घेतले नाहीत. मुलीने यूसीडचा अर्ज भरला. निकाल काय लागला, हा या गोष्टीचा विषय नाही. तिला आपली वाट सापडली होती, आणि ती बाकावर बसून सापडली होती.

तात्पर्य असं की, एखाद्याला यंत्र चालवता आलं नाही, अर्ज भरता आला नाही किंवा पाटी समजली नाही, तर त्याला अडाणी ठरवण्याआधी ते यंत्र, तो अर्ज आणि ती पाटी तपासावी. अनेकांची एकाच जागी चूक होत असेल, तर नापास झाला तो घडवणारा. आणि कोणती शाखा निवडावी या विचारात असलेल्या मुलामुलींनो, बँकेत, दवाखान्यात किंवा स्थानकात तासभर बसून माणसं कुठे अडतात ते बघा. ते बघताना कंटाळा आला नाही, तर ही शाखा तुमची आहे.