मुक्या जनावराचें दुखणें आणि धन्याचें मौन



शेतकऱ्याच्या घरीं गाय ही केवळ जनावर नसून घरचें धन असते. तें धन दुखण्यांत सांपडलें तर धनी चार लोकांत बोलत नाहीं, यांत नवल तें काय? तो म्हणतो, "गाय माझी, नुकसान माझें, मग शेजाऱ्यास तें सांगण्यास मी बांधलेला आहें काय?" हा प्रश्न साधा दिसतो, परंतु त्याचा नीट विचार केला पाहिजे.

भूमध्य समुद्रांत माल्टा नांवाचें बेट आहे. तेथें इंग्रज सैनिकांना एक चिवट ताप येत असे. घाम सुटे, सांधे दुखत, ताप उतरे आणि पुन्हा चढे. १८८७ सालीं डेव्हिड ब्रूस या लष्करी डॉक्टरानें या तापाचे जंतु शोधून काढले. पण ते माणसाच्या अंगांत येतात कोठून, हें कळेना. १९०५ सालीं तेथीलच डॉक्टर थेमिस्टोक्लीस झामिट यांनीं शेळ्यांचें रक्त तपासलें, तेव्हां उलगडा झाला. दारोदार नेऊन ज्यांची धार काढीत, त्या धडधाकट दिसणाऱ्या शेळ्यांच्या अंगांतच रोग होता व तो दुधांतून पसरत होता. १९०६ सालीं सैनिकांना शेळीचें दूध देणें बंद झालें, आणि त्यांच्यांतील ताप झपाट्यानें ओसरला.

आतां पाहा, १९०५ पूर्वीं ज्या शेळीवाल्यानें तें दूध विकलें त्याला कोण दोष देईल? त्याला ठाऊकच नव्हतें. परंतु शोध लागल्यानंतरहि बेटावरील सामान्य लोक कच्चें दूध पीतच राहिले. दूध तापवून निर्जंतुक करण्याची व्यवस्था तेथें १९३८ सालीं सुरू झाली. मधल्या तीस-बत्तीस वर्षांत जे आजारी पडले, त्यांचें काय? अज्ञान होतें तोंवर ती आपत्ति होती. ज्ञान झाल्यावर तोच अपराध ठरला. शास्त्रज्ञाचा शोध आपणांस औषध देतो, तसें कर्तव्यहि देतो.

हाच रोग आपल्या गाईम्हशींतहि आहे. त्यास ब्रुसेल्लोसिस किंवा सांसर्गिक गर्भपात म्हणतात. गाभण गाय दिवस भरत येतां गाभडते, पुष्कळदां वार अडकते. पडलेलें वासरूं, वार, स्राव आणि दूध यांत जंतु असतात. तेथला चारा दुसऱ्या गाईनें खाल्ला तर तिला रोग लागतो. उघड्या हातानें वार काढणाऱ्यास किंवा कच्चें दूध पिणाऱ्यास ताप व सांधेदुखी जडते. पुढच्या खेपेस हीच गाय नीट विते, धष्टपुष्ट दिसते, तरी तिच्या अंगांत जंतु राहूं शकतात. म्हणजे घेणाऱ्यास पाहून कांहीं समजत नाहीं. जें झालें तें धन्यालाच ठाऊक.

समजा, एका गरिबाची एकुलती गाय गाभडली. सोसायटीचा हप्ता डोक्यावर आहे. तो तिला आठवड्याच्या बाजारांत नेतो. घेणारा विचारीत नाहीं, हा सांगत नाहीं. दावें दुसऱ्याच्या हातीं जातें. खोटा शब्द एकहि निघाला नाहीं; तरी ही फसवणूकच. गंजींत निखारा आहे हें जाणून ती गंजी विकावी, तसाच हा व्यवहार. घेणाऱ्याचा पैसा तर जातोच, पण त्याची सारी दावण आणि त्याच्या लेंकरांचें आरोग्यहि धोक्यांत येतें.

"मग गरिबानेंच मरावें काय?" असें कोणी विचारील, आणि तें विचारणें रास्त आहे. जो खरें बोलला त्याला गांवानें हिणवलें, त्याच्या दुसऱ्या निरोगी म्हशीचेंहि दूध नाकारलें, तर उद्यां कोण तोंड उघडील? ज्यांना सत्य ऐकावयाचें आहे त्यांनीं सत्याच्या किंमतींतील आपला वांटा उचलला पाहिजे. शेजाऱ्यानें तांब्याभर दूध द्यावें, सोसायटीनें हप्त्यास मुदत द्यावी. २००९ च्या कायद्यानें अशा रोगाचा संशय येतांच गांवांत वर्दी देणें धन्यावर बंधनकारक आहे. पण कायदा गोठ्यांत येऊन पाहत नाहीं, तेथें सद्‌सद्विवेकच पाहतो.

गाभडण्याचीं कारणें अनेक आहेत. म्हणून अंदाज न बांधतां पशुवैद्याकडून रक्त तपासून घ्यावें. वार व मेलेलें वासरूं उघड्या हातानें न उचलतां चुना घालून खोल पुरावें. दूध उकळल्यावांचून पिऊं नये. २०१९ पासून सरकारी मोहिमेंत चार ते आठ महिन्यांच्या कालवडींना व पारड्यांना या रोगाची लस टोंचली जाते; ती चुकवूं नये.

जनावर मुकें आहे. आपलें दुखणें तें सांगूं शकत नाहीं. म्हणून त्याच्या वतीनें बोलण्याचें काम धन्याकडे येतें. तोहि मुका राहिला, तर शेजाऱ्यानें कोणाच्या भरंवशावर राहावें?