झालंय ते लिही

कडेगावात एक आजी राहत होती. तिचा नातू पोलीस भरतीत निवडला गेला. मैदानी झाली, लेखी झाली, यादीत नाव लागलं. साक्षांकन नमुना तेवढा भरायचा राहिला होता.

रात्री नातू नमुना घेऊन बसला. आजवर गुन्हा दाखल झाला आहे का, या प्रश्नाशी त्याचं पेन थांबलं. दोन वर्षांपूर्वी उसाच्या ट्रॉलीला वाट देण्यावरून हाणामारी झाली होती. गुन्हा नोंदला गेला होता, पुढं लोकअदालतीत मिटला होता.

"नाही म्हणून लिही," मित्र म्हणाला. "मिटलेलं कोण उकरतंय?"

आजी चुलीपुढून उठली. "झालंय ते लिही. उद्या तूच दुसऱ्याला खरं बोल म्हणणार हाईस."

नातवानं लिहिलं. त्या रात्री तो जेवला नाही.

काही दिवसांनी पडताळणीला हवालदार आले. मोहरमच्या ताबुतांना दरवर्षी बंदोबस्ताला दिसणारे, निवृत्तीला आलेले. त्यांनी शेजारीपाजारी विचारलं, कागद पाहिले, चहा घेतला.

"पोराची चौकशी केलीसा, बरं झालं," आजी म्हणाली. "पर मोठा साहेब येतो तवा त्याची कोण करतं?"

"साहेबाचा सेवापट असतो, आजी. बक्षीस, शिक्षा, निलंबन, सगळं त्यात लिहिलेलं."

"आन् वाचतं कोण?"

हवालदार थोडा वेळ गप्प राहिले. मग त्यांनी मुंबईची हकीकत सांगितली. परभणीचा ख्वाजा युनूस जानेवारी 2003 मध्ये पोलिसांच्या ताब्यात होता. तो पळून गेला, असं पोलिसांनी सांगितलं. सीआयडीच्या तपासात मृत्यू कोठडीतच झाल्याचं पुढं आलं. या प्रकरणात 2004 मध्ये पोलीस अधिकारी सचिन वाझे निलंबित झाले, त्यांच्यावर खुनाचा खटला उभा राहिला. तो संपलेला नसतानाच जून 2020 मध्ये त्यांना पुन्हा सेवेत घेतलं. मार्च 2021 मध्ये स्फोटकं ठेवलेल्या गाडीच्या प्रकरणात एनआयएनं त्यांना अटक केली आणि मे महिन्यात ते बडतर्फ झाले.

"म्हंजे कागद हुता."

"होता."

"आन् त्या पोराची आई?"

"आसिया बेगम. वाझेंना परत घेतल्यावर त्या माउलीला पुन्हा हायकोर्टाची पायरी चढावी लागली."

आजी काही बोलली नाही. हवालदारांनी अहवालात नातवाचा जुना गुन्हा जसाच्या तसा लिहिला.

पुढं नेमणुकीचं पत्र आलं. गुन्हा किरकोळ होता, मिटला होता आणि मुख्य म्हणजे लपवला नव्हता. अवतार सिंग खटल्यात 2016 साली सर्वोच्च न्यायालयानं हीच वाट घालून दिली आहे: माहिती दडवणाऱ्याची नोकरी जाऊ शकते, खरं सांगणाऱ्याचं प्रकरण किती गंभीर आहे ते पाहून ठरवावं.

शिपाई होणाऱ्या पोराला ट्रॉलीच्या भांडणाचा जाब द्यावा लागतो, आणि तो योग्यच आहे. निलंबित अधिकारी परत घेताना, बदली-बढती देताना तोच प्रश्न त्याहून कडकपणे विचारला गेला पाहिजे. प्रकाश सिंह खटल्यात 2006 साली सर्वोच्च न्यायालयानं राज्यांना पोलिसांविरुद्धच्या तक्रारी ऐकायला पोलीस तक्रार प्राधिकरण नेमायला सांगितलं. महाराष्ट्रानं 2014 मध्ये तशी तरतूद कायद्यात केली. या प्राधिकरणाकडं सामान्य माणसालाही दाद मागता येते. तुमच्यावर अन्याय झाला असेल, तर तक्रार तोंडी ठेवू नका. लेखी द्या, आणि पोच मागून घ्या.