पेटीतल्या पॉपीसाठी

मोहिनीराजा, आज एका बाहुलीसाठी तुझ्यापुढे हात जोडलेत. ती आपल्या नेवाशाची नाही. नातवाच्या मोबाइलवरच्या ‘पॉपी प्लेटाइम’ या भुताटकीच्या गेममधली आहे. 2021 साली तो आला आणि त्यातला दातवाला निळा हगी वगी पुढे आपल्या यात्रेतल्या दुकानांतही लटकू लागला. पोरं त्याला भितात आणि त्यालाच कवटाळून झोपतात.

पण माझा जीव अडकलाय तो पॉपीत. लाल केसांची, निळ्या डोळ्यांची एवढीशी बाहुली, काचेच्या पेटीत वर्षानुवर्षं कोंडलेली. खेळणारा ती पेटी उघडतो, तेव्हा ती ना किंचाळते ना रडते. तू माझी पेटी उघडलीस, एवढंच म्हणते. इतक्या काळानंतर कुणीतरी दार उघडलं, यावर तिचा विश्वास बसत नसावा.

त्या खेळण्यांच्या कारखान्याच्या पोटात एक अनाथाश्रम होता, देवा. तिथली लेकरं उचलून त्यांच्यावर प्रयोग केले आणि त्यांची जिवंत खेळणी केली. कुणी विचारणारं नव्हतं, म्हणूनच ती निवडली. मग 8 ऑगस्ट 1995 ला ती खेळणी उठली आणि त्यांनी कारखान्यातली माणसं मारली. त्या रक्ताची आठवण घेऊन पॉपी जगते. गोष्ट रचलेली आहे, हे मला कळतं. तरी तिच्यासाठी मागते.

तूही रूप बदललंस. अमृत वाटायला मोहिनी झालास, पण ते तुझ्या मर्जीनं. इथंच, प्रवरेकाठी, शके 1212 मध्ये, म्हणजे 1290 साली, ज्ञानेश्वरी सांगताना माउलींनी स्वतःला सूत्रावर चालणारं बाहुलं म्हटलं. ती दोरी त्यांनी आपणहून निवृत्तिनाथांच्या हाती दिली होती. त्या लेकरांची दोरी मात्र हिसकावून घेतली गेली. देणं आणि हिसकावलं जाणं यातलं अंतर तुझ्याइतकं कुणाला ठाऊक?

म्हणून मागते. गोष्ट पुढे कुठंही जावो, पॉपीला पुन्हा त्या पेटीत घालू देऊ नकोस. ज्या खेळण्यांनी मारलं, त्यांच्यातलं लेकरूही तुझ्या नजरेतून सुटू देऊ नकोस. माझ्या नातवाला ती नजर दे. हगी वगी मागे लागला की त्यानं जरूर पळावं, पण याला असं कुणी केलं, हेही एकदा विचारावं.

आणि जी खरी लेकरं आहेत, त्यांना सांभाळ. नगरच्या स्नेहालयात 1989 पासून अशा मुलांना पोटाशी धरणारे हात आहेत, त्यांना बळ दे. दिवाळी सरली की पाथर्डीकडून, बीडकडून ऊसतोडीच्या टोळ्या येतात. कोपीपुढं पोरगी धाकट्या भावाला कडेवर घेऊन उभी असते. स्वतःच बाहुलीशी खेळायच्या वयाची, आणि आई फडात मोळ्या बांधत असते. तिलाही कुणी विचारलेलं नसतं. तिला साखरशाळेत बसू दे. हंगाम संपून पट्टा पडला आणि गाड्या गावाकडं निघतील, तेव्हा तिचं नाव गावच्या शाळेच्या हजेरीपटावर शाबूत राहू दे. आणि ते राहिलंय का, हे गुरुजींना जाऊन विचारायची हिंमत आम्हाला दे.