शिकार : गरज की करमणूक?

ब्रिटनमध्ये दरवर्षी कोट्यवधी फेझंट पक्षी बंदिस्त जागेत वाढवून शिकारीसाठी सोडले जातात आणि हौशी लोक पैसे मोजून ते टिपतात. रानोमाळ वणवण करणारा शिकारी या शिकारीला खोटी म्हणतो. तर पैसे मोजणारा म्हणतो, आमच्यामुळे रानपक्षी वाचतात.

वाचकहो, दोघांनाही एकच प्रश्न विचारावा लागेल : जीव कशासाठी घेतला? पवित्र कुरआनने (५:४) शिकारीची अनुमती दिली ती खाण्यासाठी, अल्लाहचे नाव घेऊन. जिवंत प्राण्याला नेमबाजीचे लक्ष्य बनविण्यास प्रेषित मुहम्मद (स.) यांनी मनाई केली. म्हणून शिकाऱ्याच्या कष्टाने ही हत्या न्याय्य ठरत नाही, पैशानेही नाही. पक्षी विकत मिळतो. त्याचा जीव मात्र अल्लाहची अमानत आहे. जो कुणाच्या ताटात जाणार नाही, तो रानातला असो वा पाळलेला, त्याला जगू द्यावे.