तीन आणे आणि पंधरा आणे

लक्ष्मीपूजनाच्या सायंकाळी नाशिकच्या सराफ बाजारात नव्या वह्यांवर कुंकवाची बोटे उमटतात. जमा किती, खर्च किती, येणे कोणाकडे, हे पेढीवाल्याला ठाऊक असते. वही त्याची स्वतःची. तीत खोटे लिहिले तर फसावयाचा तोच. (प्राप्तिकरवाल्यांना दाखवावयाच्या वहीची गोष्ट निराळी, सणासुदीला ती नको.) राज्यकर्त्याच्या हिशोबाची तऱ्हा वेगळी. देशाचे दारिद्र्य किती हटले हे लिहिणारा तो, वाचून दाखविणारा तो. आणि ज्याच्या पोटाविषयी लिहिले जाते तो पेढीच्या पायरीखाली उभा.

ऑगस्ट 1963 मध्ये लोकसभेत हा हिशोब जाहीरपणे निघाला. आचार्य कृपलानींनी नेहरू सरकारवर अविश्वासाचा ठराव आणला होता. स्वतंत्र भारतातला तो पहिलाच. फरुखाबादच्या पोटनिवडणुकीतून नुकतेच निवडून आलेले डॉ. राममनोहर लोहिया उभे राहिले आणि म्हणाले, देशातली सत्तावीस कोटी माणसे दिवसाला तीन आण्यांवर जगतात. पंतप्रधान म्हणाले, तीन नव्हे, पंधरा. नियोजनमंत्री गुलझारीलाल नंदा साडेसातांवर येऊन थांबले. दशमान नाणी येऊन सहा वर्षे लोटली होती, तरी गरिबी आण्यांतच मोजली जात होती! 62 विरुद्ध 347 मतांनी ठराव फेटाळला गेला. आण्यांचा प्रश्न मात्र हात वर करून सुटणारा नव्हता. (त्याच वर्षी नाशिककरांनी यशवंतराव चव्हाणांना लोकसभेवर बिनविरोध पाठविले, तेव्हा आमच्याकडे हा वाद प्रचारसभेत रंगण्याचीही सोय नव्हती.)

खोटे कोण बोलत होते? माझ्या मते नेहरूही नाहीत आणि लोहियाही नाहीत. पंधरा आणे ही साऱ्या देशाची सरासरी होती. तीन आणे हा शंभरांतल्या तळच्या साठांचा हिशोब होता. आता असे पाहा : दिवाळीच्या सुमारास दिंडोरी-निफाडकडे द्राक्षबागांची छाटणी चालू असते. सुरगाणा-पेठकडची माणसे बिऱ्हाड पाठीशी बांधून त्या कामाला उतरतात. एक बागाईतदार आणि त्याचे नऊ मजूर यांची कमाई एकत्र करून दहांनी भागा. आकडा बरा येईल, गणितही चुकणार नाही. पण त्या दहांपैकी एकाचीही चूल त्या सरासरीवर पेटत नाही. नेहरूंचा आकडा खरा होता. मात्र ज्यांच्याविषयी प्रश्न विचारला होता, ती माणसे त्यात दिसत नव्हती. हजार खऱ्या गोष्टींतून आपल्याला सोयीची तेवढी उचलणे, याला असत्य म्हणता येत नाही. दुसरे नाव मला सापडलेले नाही. लोहियांनी आपला आकडा कमीत कमी धरला असेल, पंतप्रधानांवर होणारा पंचवीस हजारांचा रोजचा खर्च शेजारी मांडून त्याला धारही लावली. परंतु त्यांनी बोट ठेवले ते योग्य जागी.

पुढे 1971 मध्ये पुण्याच्या गोखले संस्थेतील वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी दारिद्र्याला फूटपट्टी लावली. दिवसाला 2250 उष्मांक मिळावयाचे तर 1960-61 च्या भावाने खेड्यात माणशी महिना 15 रुपये आणि शहरात साडेबावीस रुपये लागतात, असा त्यांचा हिशोब. पंधरा रुपये महिना म्हणजे दिवसाला आठ आणे. म्हणजे नंदांनी सरकारच्या बचावासाठी सांगितलेले साडेसात आणेही या रेषेखालीच राहिले!

वाद संपला नाही, त्याचे चलन तेवढे बदलले. 2011 मध्ये नियोजन आयोगाने सर्वोच्च न्यायालयात शहरात 32 आणि खेड्यात 26 रुपये रोज ही रेषा सांगितली, तेव्हा देशभर संताप उसळला. जानेवारी 2024 मध्ये नीती आयोगाने सांगितले, की नऊ वर्षांत 24.82 कोटी लोक बहुआयामी दारिद्र्यातून बाहेर आले. त्याच महिन्यापासून सुमारे 81 कोटी लोकांना मोफत धान्य पुढील पाच वर्षे चालू ठेवण्यात आले. सरकार दोन्ही गोष्टी अभिमानाने सांगते; विरोधक दुसरी पुढे करून पहिली खोडतात. मोजमापे वेगळी असल्याने दोन्ही एकाच वेळी खऱ्या असू शकतात. मला त्यात खटकते ते क्रियापद : बाहेर काढले, दिले, वाटले. कर्ता नेहमी सरकार.

महाराष्ट्रात एकदा हे क्रियापद बदलले होते. वि. स. पागे यांनी 1965 मध्ये तासगाव तालुक्यातील विसापूर येथे रोजगार हमीचा प्रयोग केला. 1972 च्या दुष्काळात त्याची खरी परीक्षा झाली आणि 1977 मध्ये त्याचा कायदा झाला. त्यात मजूर मागतो. पंधरा दिवसांत काम मिळाले नाही, तर सरकारने त्याला बेकारभत्ता द्यावयाचा. भत्ता रोज एक रुपया, म्हणजे नाममात्रच. हजेरीपत्रकांत खोटी नावे शिरली, खडी फोडून केलेले रस्ते पुढच्या पावसात वाहून गेले, हेही घडले. पण पायरीखालच्या माणसाला वहीत स्वतःच्या हाताने येणे लिहिता आले.

आणि त्या वहीत आपलेही नाव आहे. या योजनेच्या पैशासाठीच 1975 मध्ये राज्यात व्यवसायकर आला. घरातल्या नोकरदाराच्या पगारपत्रकावर पाहा, महिन्याला दोनशे रुपये कापलेले असतात; फेब्रुवारीत तीनशे.