हजाराव्या चित्रातला माणूस

अॅनिमेशन किंवा उपयोजित कलेच्या विद्यार्थ्याचा पोर्टफोलिओ उघडला की ‘कॅरेक्टर’चं एक पान हमखास सापडतं. मधोमध पूर्णाकृती, शेजारी समोरून, बाजूने आणि पाठीमागून दिसणारी रूपं, खाली हसरा, चिडका, घाबरलेला असे चेहरे. रंगकाम सफाईदार, डोळे जपानी वळणाचे. परीक्षक पान पाहतात, गुण देतात आणि पुढे जातात. त्या पात्राने मात्र कधी धावत लोकल पकडलेली नसते, की सुट्या पैशांवरून कंडक्टरशी हुज्जत घातलेली नसते.

पात्र तयार करण्याचं शिक्षण अडतं ते इथे. एका पानावर कुणीही देखणं दिसू शकतं. आता तर तसं पान यंत्रही घटकाभरात काढून देतं. पात्राचा कस लागतो तो शंभराव्या, हजाराव्या चित्रात. कलामहाविद्यालयं मात्र अजून पहिल्याच चित्राला गुण देतात.

व्यंगचित्रकार आर. के. लक्ष्मण यांचा ‘कॉमन मॅन’ कुठल्याही पोर्टफोलिओत जन्मला नाही. १९५१च्या सुमारास ‘टाइम्स ऑफ इंडिया’त ‘यू सेड इट’ ही चौकट सुरू झाली. सुरुवातीला लक्ष्मण भारतीय जनता म्हणून अख्खी गर्दी काढत: बंगाली, तमिळ, पंजाबी, ज्याचा त्याचा पेहराव वेगळा. रोज अंक छापायला जाण्याआधी एवढी माणसं काढायला वेळ कुठला? हळूहळू एकेक जण गळत गेला आणि उरला तो धोतर, चौकड्यांचा कोट, चष्मा आणि झुबकेदार मिशांचा म्हातारा. तो बोलत नाही. नुसता हजर असतो, आणि त्यामुळे मंत्र्याच्या दालनापासून रस्त्यावरच्या खड्ड्यापर्यंत कुठेही शोभतो. ही किमया घड्याळाच्या धाकाची आणि रोजच्या रतीबाची.

लक्ष्मण यांना जे. जे. स्कूल ऑफ आर्टने प्रवेश नाकारला होता, हा किस्सा शिक्षणसंस्थांची टर उडवायला नेहमी सांगितला जातो. त्याच्यातून फार काही सिद्ध होत नाही, कारण व्यंगचित्रकार शि. द. फडणीस तर जे. जे.मध्येच शिकले.

मिकी माउसचीही कथा ‘कॉमन मॅन’सारखीच. १९२८मध्ये डिस्नेच्या अब आयवर्क्स या चित्रकाराने त्याला वर्तुळांतून बांधलं, कारण वर्तुळं भराभर काढता येतात, आणि ‘प्लेन क्रेझी’ या लघुपटासाठी आयवर्क्सला दिवसाला शेकडो रेखाटनं उपसायची होती. पुढे मिकीचं डोकं आणि डोळे मोठे होत गेले. स्टीफन जे गुल्ड या जीवशास्त्रज्ञाने १९७९मध्ये हे बदल चक्क मोजून दाखवले: वय वाढेल तसा मिकी अधिकाधिक बाळसेदार होत गेला होता. एका बैठकीत हे कुणी ठरवलं नव्हतं. अनेक हातांनी, अनेक वर्षांत ते घडत गेलं.

या हातांना शिकवलं कसं, हे पाहण्याजोगं आहे. १९३२पासून डिस्नेच्या चित्रकारांना शुइनार्ड कलासंस्थेचे डॉन ग्रॅहम रेखाटन शिकवू लागले. जिवंत मॉडेल समोर बसवून, हालचालीचं पृथक्करण करून. माणूस वजन उचलताना आधी कुठे वाकतो, ते पाहायचं. डिस्नेत घडलेले क्लेअर वीक्स १९५६मध्ये मुंबईला फिल्म्स डिव्हिजनच्या कार्टून विभागात शिकवायला आले. त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या राम मोहन यांनी पुढे युनिसेफसाठी ‘मीना’ ही मुलगी रेखाटली. मीना भारत, बांगलादेश, पाकिस्तान आणि नेपाळ या चारही देशांतल्या मुलींना आपली वाटायला हवी होती. मग वेशभूषा कुठली? नाकडोळे कसे? चित्रं लोकांना दाखवून, त्यांचं ऐकून, ती बदलून उत्तरं शोधली गेली. चित्रकाराची खास शैली इथे दुय्यमच ठरली.

महाराष्ट्रातल्या मुलांना माणसं पाहून काढण्याच्या या शिस्तीची तोंडओळख खरं तर शाळेतच होते. चित्रकलेच्या एलिमेंटरी-इंटरमिजिएट परीक्षांना स्मरणचित्र हा विषय असतो. बाजारात, स्टेशनवर, पाणवठ्यावर पाहिलेली माणसं आठवून काढणं ही पात्रनिर्मितीची पहिली इयत्ताच. पण परीक्षेच्या तयारीत अनेकदा हंडा घेतलेली बाई, छत्रीवाला माणूस आणि पळणारा मुलगा अशा तीन-चार आकृती घोटून घेतल्या जातात. विषय कुठलाही आला तरी त्याच तिथे उभ्या. पुढे कॉलेजात हंडेवालीची जागा तलवारधारी नायिका घेते. घोकंपट्टी तीच, फक्त कागदाची जागा टॅब्लेट घेतो.

यावर शैलीचं अनुकरण बंद करा, असं सांगणं सोपं आहे, पण ते चुकीचं आहे. नक्कल करतच हात तयार होतो. बदलायची आहे ती कसोटी: एका पानाऐवजी रोजचा रतीब. ‘चिंटू’ ही चित्रपट्टी १९९१मध्ये ‘सकाळ’मध्ये आली आणि चारुहास पंडित व प्रभाकर वाडेकर यांना रोज नवा प्रसंग शोधावा लागला. विद्यार्थ्यालाही एका सत्रात एकच पात्र घेऊन महिनाभर रोज एक पट्टी काढायला लावता येईल: आज भांडण, उद्या ताप, परवा लग्नाची पंगत.

आणखी एक. ते तीन बाजूंनी काढलेलं पान मुळात दुसऱ्यासाठी असतं. जो ग्रँट यांच्या देखरेखीखाली डिस्नेत अशी पानं आणि मातीचे नमुने तयार होत, ते स्टुडिओतल्या बाकीच्यांना तेच पात्र चुकू न देता काढता यावं म्हणून. तेव्हा परीक्षेच्या दिवशी प्रत्येकाचं पान शेजारच्याच्या हाती द्यावं, त्याला ते पात्र जिना चढताना काढायला सांगावं आणि अर्धे गुण त्या चित्रावर ठेवावेत.