सूर धरून राहणारा

एखाद्या गुणवंताचे चीज झाले नाही, असे आपण वारंवार हळहळून म्हणतो. नाटक, संगीत, शिक्षकी पेशा, कोणत्याही क्षेत्राच्या संदर्भात हे वाक्य इतके सरावाचे झाले आहे की त्यामागचा प्रश्न आपण स्वतःला क्वचितच विचारतो. चीज करायचे होते कोणी? ते झाले नाही तर नुकसान कोणाचे? आणि ज्याचे चीज झाले नाही त्याने स्वतः ते कधी मागितलेच नसेल, तर आपली हळहळ ही न्यायबुद्धी म्हणावी की निव्वळ मनाचे समाधान?

हा प्रश्न आम्ही एका ट्रम्पेटवादकाच्या निमित्ताने मांडू इच्छितो. पॅट हॅलकॉक्स हे त्याचे नाव. आमच्या बहुतेक वाचकांनी ते ऐकलेले नसेल, आणि त्यात त्यांचा दोष नाही. इंग्लंडातही ज्यांनी त्याला अनेकदा ऐकले, त्यांपैकी कित्येकांच्या स्मरणात ‘क्रिस बार्बरचा जॅझ बँड’ एवढेच नाव राहिले. बार्बर हा संचाचा नायक. तो ट्रॉम्बोन वाजवीत असे. हॅलकॉक्स १९५४ साली त्या संचात दाखल झाला आणि २००८ साली निवृत्त झाला. चोपन्न वर्षे, एकच संच, एकच जागा.

त्या जागेचे महत्त्व कळण्यासाठी जुन्या धाटणीच्या जॅझची घडण थोडी समजून घ्यावी लागते. हे संगीत अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्स या बंदराच्या शहरात, विसाव्या शतकाच्या आरंभी आकारास आले. फ्रेंच आणि स्पॅनिश राजवटींमुळे कॅथलिक परंपरा मुरलेले हे शहर. तेथे अंत्ययात्रेबरोबर बँड चालत असे. दफनभूमीपर्यंत संथ भक्तिगीते आणि परतताना उल्हासाच्या चाली, असा त्याचा रिवाज. या बँडमधून जे संगीत घडले त्यात तीन वाद्ये एकाच वेळी आपापले बोलतात. क्लॅरिनेट वरच्या पट्टीत वेलबुट्टी काढते, ट्रॉम्बोन खालून आधार देत मोकळ्या जागा भरते, आणि मध्ये ट्रम्पेट मूळ चाल धरून ठेवते. ती चाल सुटली तर बाकीच्या दोघांचे सारे चातुर्य म्हणजे नुसता गलबला होय. घराच्या आढ्यासारखी ही जागा आहे. घर पाहावयास आलेला पाहुणा रंगकामाची तारीफ करतो, खिडक्यांची करतो. आढ्याकडे तो पाहत नाही.

हॅलकॉक्सच्या बाबतीत तर नियतीने थट्टाच केली, असे म्हणावेसे वाटते. बार्बरच्या संचातून दोन ध्वनिमुद्रणे जगप्रसिद्ध झाली. पहिले ‘रॉक आयलंड लाईन’. १९५४ साली संचाची एक तबकडी मुद्रित होत असताना बँजोवादक लॉनी डोनेगनने ते गायिले. बार्बरने त्यात बास वाजविला. पुढे ते स्वतंत्रपणे बाजारात आले आणि इंग्लंडच्या गल्लोगल्लीतील पोरांनी गिटारी हाती घेतल्या. दुसरे ‘पेतीत फ्लर’, सिडनी बेशे या थोर वादकाची रचना. क्लॅरिनेटवादक मॉन्टी सनशाईनने ती वाजविली आणि १९५९ साली ती इंग्लंड-अमेरिकेच्या लोकप्रियतेच्या याद्यांत वर चढली. या दोहोंतही ट्रम्पेट नाही! संचाचे नाव ज्या दोन गीतांनी घरोघर नेले, त्या दोन्ही वेळी त्याच्या मुख्य स्वराचा धनी गप्प होता.

त्याने हे सारे कसे स्वीकारले असेल, याविषयी तर्क लढविण्याचा अधिकार आम्हांस नाही. त्याच्या आयुष्यातील निर्णय मात्र आपल्यापुढे आहेत. १९५३ साली संच पूर्णवेळ व्यवसाय म्हणून उभा राहू लागला, तेव्हा हॅलकॉक्सला आमंत्रण होते. तो रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत काम करीत होता आणि त्याने नकार दिला. त्याच्या जागी केन कॉलियर आला. हा कॉलियर म्हणजे विलक्षण वल्ली. व्यापारी जहाजावर नोकरी धरून तो न्यू ऑर्लिन्सला पोहोचला, तेथील वृद्ध कृष्णवर्णीय वादकांच्या मांडीला मांडी लावून वाजवू लागला आणि परवान्याची मुदत उलटल्यामुळे तुरुंगातही जाऊन आला. इंग्लंडात परतला तो वीरपुरुष होऊनच. पण संगीत कसे शुद्ध असावे याविषयी त्याची मते कडवी होती. वर्षभरातच त्याचे इतरांशी फाटले आणि तो बाहेर पडला. तेव्हा हॅलकॉक्सला पुन्हा बोलावणे गेले, आणि या खेपेस त्याने प्रयोगशाळा सोडली. एकदा नाही म्हणालेला माणूस हो म्हणाला तो अर्धशतकासाठी.

येथे आमचे काही वाचक आक्षेप घेतील, आणि तो रास्त आहे. एकाच ठिकाणी चिकटून राहणे ही निष्ठा कशावरून? ती भीती असू शकते, सोय असू शकते. शुभवर्तमानातील दृष्टान्तात धन्याने दिलेले नाणे जमिनीत पुरून ठेवणाऱ्या चाकराची कोणी वाखाणणी केलेली नाही. हॅलकॉक्सच्याच पिढीतील केनी बॉल हा ट्रम्पेटवादक स्वतःचा संच काढून घराघरांत पोहोचला होता. मग हॅलकॉक्सने आपले नाणे पुरले काय?

याचे उत्तर एका थोराच्या उदाहरणाने शोधता येते. १९२२ साली किंग ऑलिव्हर याने लुई आर्मस्ट्राँगला शिकागोस बोलावून घेतले ते दुसरा कॉर्नेटवादक म्हणून. (जाता जाता सांगावयास हवे, की आर्मस्ट्राँगची खरी जन्मतारीख त्याच्या मृत्यूनंतर एका कॅथलिक चर्चच्या बाप्तिस्मा नोंदवहीत सापडली. आपल्या धर्मग्रामांतील जुन्या वह्या वाळवीच्या तोंडी देणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी.) गुरूच्या मागे उभे राहून तो वाजवू लागला. संचातील पियानोवादिका लिल हार्डिन, जी पुढे त्याची पत्नी झाली, तिने त्याला बाहेर पडण्याचा आग्रह धरला, आणि १९२४ साली तो बाहेर पडला. तो बाहेर पडला नसता तर जगाचे नुकसान झाले असते, याबद्दल दुमत नाही. कारण त्या जागेवर उभे राहण्यासाठी त्याला आपला निम्मा आवाज गिळावा लागत होता.

हॅलकॉक्सची जागा तशी नव्हती. चाल धरण्याचे काम त्याला त्याच्या साऱ्या सामर्थ्यानिशी करता येत होते. जागा माणसाला पूर्ण वापरते की अर्धाच वापरते, ही आमच्या मते निष्ठा आणि भित्रेपणा यांतील भेद ओळखण्याची खूण. हॅलकॉक्सला पूर्ण वापरले गेले याचा पुरावा ध्वनिमुद्रणांत आहे. त्याचा स्वर भरदार व उबदार. घाई नाही, दिखाऊ चढाई नाही. कडव्यामागून कडवे तो वजन वाढवीत नेतो आणि शेवटच्या आवर्तनात सारा संच आपल्या पाठीवर घेतो.

आम्हांला विशेष भावतो तो गायिकेच्या साथीला असलेला हॅलकॉक्स. आयर्लंडच्या उत्तर भागातून आलेली ऑटिली पॅटरसन १९५५ पासून या संचाबरोबर ब्लूज गाऊ लागली. ब्लूजमध्ये गायक एक ओळ म्हणतो आणि थांबतो. त्या थांबण्यात वाद्याने उत्तर द्यावयाचे असते. आपल्याकडे संवादिनीचा जाणता साथीदार गवयाच्या श्वासाची वाट पाहतो आणि नेमके तेवढेच बोलतो, तसे हे काम. कमी बोलले तर पोकळी राहते, अधिक बोलले तर पुढची ओळ मरते. हॅलकॉक्स हे उत्तर असे देतो की गायिकेला पुढची ओळ म्हणावीशी वाटावी. बार्बरच्या संचाने सिस्टर रोझेटा थार्पला १९५७ साली आणि मडी वॉटर्सला १९५८ साली इंग्लंडात आणले, तेव्हा या अमेरिकन गायकांच्या पाठीशीही हाच संच उभा राहिला. पुढे इंग्लंडातील तरुणांनी ब्लूजवर आपले जगभर गाजलेले संगीत उभारले. त्याची मशागत ज्यांनी केली त्यांत हॅलकॉक्सही होता.

इतके म्हटल्यावर एका गोष्टीपाशी अडखळावेच लागते. ज्यांचे संगीत हे इंग्रज वादक प्रेमाने वाजवीत होते, त्या मूळ वादकांचे काय? ज्याच्या शेजारी बसून वाजविण्याचे स्वप्न कॉलियरने पाहिले, तो जॉर्ज लुईस हा क्लॅरिनेटवादक न्यू ऑर्लिन्सच्या धक्क्यावर हमाली करीत असे. बंक जॉन्सन हा बुजुर्ग ट्रम्पेटवादक दात गेल्यामुळे वाजविणे सोडून बसला होता. संशोधकांनी त्याला हुडकून काढले आणि सिडनी बेशेच्या दंतवैद्य भावाने त्याला कवळी करून दिली, तेव्हा कुठे १९४२ साली त्याचे पहिले ध्वनिमुद्रण झाले. यांची उपेक्षा वर्णभेदाने लादलेली होती. हॅलकॉक्सची अप्रसिद्धी ही निवडलेली होती. वरून दोन्ही सारख्या दिसतात. नीतीच्या दृष्टीने त्यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे.

हा भेद आपल्याही घरचा आहे. हळदोण्याचा आंतोनियो झेवियर वाझ, म्हणजे ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट, याला मुंबईत ‘भारताचा लुई आर्मस्ट्राँग’ म्हणत. १९५१ सालच्या ‘अलबेला’त तो आणि त्याचा संच पडद्यावरही दिसतो. गोव्यातील चर्चच्या शाळांत स्वरलिपी शिकलेल्या कितीतरी कॅथलिक वादकांनी हिंदी चित्रपटगीतांचा वाद्यमेळ लिहिला. श्रेयनामावलीत मात्र त्यांची नावे सहसा आली नाहीत. अँथनी गोन्साल्विस हे नाव देशाला ठाऊक झाले ते १९७७ सालच्या एका विनोदी गाण्यामुळे. एका कृतज्ञ शिष्याने आपल्या व्हायोलिनच्या गुरूला त्यात मानवंदना दिली होती, हे गाणे गुणगुणणाऱ्यांपैकी किती जणांना माहीत होते? या मंडळींनी पडद्याआड राहणे निवडले होते असे म्हणणे सोयीचे आहे, पण ते खरे नव्हे. ‘त्यांना प्रसिद्धीची हाव नव्हती’ हे वाक्य पुष्कळदा त्यांना द्यावयाचे राहून गेलेले मोल झाकण्यासाठी वापरले जाते. आपल्या धर्मग्रामांत वर्षानुवर्षे गायनवृंद बसविणाऱ्या बाईंविषयी आपण हेच वाक्य किती सहज उच्चारतो!

मग आपले देणे काय? कीर्ती हा कोणाचाच हक्क नाही. ती बाजारातल्या वाऱ्यासारखी, कोठूनही येते आणि जाते. श्रमाचा मोबदला आणि केलेल्या कामावर नाव, हा मात्र हक्क आहे. तो नाकारला गेला असेल तर हळहळ पुरत नाही, हिशेब चुकता करावा लागतो. हे दोन्ही मिळूनही जो मागेच राहिला, त्याला आपण एकच गोष्ट देऊ शकतो. ती म्हणजे लक्ष, कान देऊन ऐकणे. ते दिले नाही तर हॅलकॉक्सचे काही अडले नाही. त्याची संध्याकाळ संचासोबत भरलेलीच होती. रिकामे परतले ते श्रोते, ज्यांनी क्लॅरिनेटची वेलबुट्टी पाहिली आणि ती कशावर चढली आहे हे पाहिले नाही.

बीटल्सच्या लाटेत हे जुने जॅझ इंग्लंडात मागे पडले, तरी बार्बरचा संच युरोपभर फिरत राहिला. २००१ साली तो वाढून अकरा जणांचा झाला. हॅलकॉक्स तेव्हाही त्यात होताच, एकाहत्तराव्या वर्षी. निवृत्तीनंतर पाच वर्षांनी, २०१३ साली तो वारला. बार्बर २०२१ साली गेला. ज्यांना ऐकण्याची इच्छा असेल त्यांनी १९५४ सालच्या ‘न्यू ऑर्लिन्स जॉईज’पासून आरंभ करावा. ‘रॉक आयलंड लाईन’ याच तबकडीवर आहे. ते एकदा ऐकून बाजूस ठेवावे, आणि उरलेली गीते सावकाश, पुन्हा एकदा लावावीत.